खाऱ्या वाऱ्याला टिकणारं चंदेरी झुडूप: सिल्व्हर बटनवुड कसं लावावं

समुद्राजवळ नव्यानं बाग करणाऱ्याचं पहिलं वर्ष बहुधा करपलेली पानं मोजण्यात जातं. हौसेनं जास्वंद लावावी, तर समुद्राकडची बाजू महिन्याभरात विस्तवावर धरल्यासारखी दिसायला लागते. गुलाबाची तर गोष्टच नको. मग शेजारपाजारचं कुणीतरी येऊन सांगून जातं, "इथे काही जगत नाही." जगतं. फक्त आधी वाऱ्याला तोंड देणारं काहीतरी उभं करावं लागतं आणि मग त्याच्या आडोशाला बाकीची हौस.

उष्ण किनाऱ्यांवर या कामाला मला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते सिल्व्हर बटनवुड. रोपवाटिकांत ते 'सिल्व्हर कोनोकार्पस' म्हणूनही मिळतं. दुरून पाहिलं तर राख फासल्यासारखं, जवळून पाहिलं तर रेशमी. शास्त्रीय नावातला 'सेरिसिअस' हा शब्दही लॅटिनमध्ये 'रेशमासारखा' याच अर्थाचा आहे. मूळचं ते फ्लोरिडा, कॅरिबियन बेटं, मध्य आणि दक्षिण अमेरिकेचे किनारे आणि आफ्रिकेचा पश्चिम किनारा इथलं. खारफुटीच्या मागच्या पट्ट्यात, जिथे भरतीचं पाणी कधीमधीच पोचतं, तिथे ते वाढतं. पण कूळ आपल्या ओळखीचं आहे: हिरडा, बेहडा, अर्जुन, देशी बदाम आणि कुंपणावरची मधुमालती ही सगळी याची भाऊबंद. अर्जुनाच्या पानाच्या बुडाशी दोन बारीक गाठी असतात ना, तशाच दोन याच्याही देठावर असतात. त्यातून गोड रस पाझरतो, म्हणून देठांवर मुंग्या फिरताना दिसतात. त्या पाहून लगेच औषधाची बाटली शोधायची गरज नाही.

लावण्याआधी एक गोष्ट मात्र करून पाहा. याचं कोवळं पान अंगठ्यानं जरा जोरात चोळा. बोटाला मखमल लागेल आणि चोळलेल्या जागी साधा हिरवा रंग उघडा पडेल. म्हणजे ही चांदी रंगात नाही, लवेत आहे. पानाच्या दोन्ही बाजूंना बारीक, दाट लव असते. तिच्यावरून प्रखर ऊन परततं. पानाच्या पृष्ठभागालगत हवेचा पातळ, स्थिर थर धरून ठेवला जातो, त्यामुळे सुसाट वाऱ्यातही पान पटकन सुकत नाही. समुद्राचे तुषार लवेवरच अडतात, थेट पानाच्या सालीला कमी भिडतात. ही लव झाडाचं चिलखत आहे आणि चिलखत लढाईवर असतानाच घालतात. सावली, रोजचं पाणी आणि भरपूर खत मिळालं की झाड भराभर मोठी, मऊ, हिरवट पानं काढायला लागतं. पुढच्या सगळ्या सूचना या एका गोष्टीभोवतीच फिरतात.

आधी नावाची खात्री करा

कोनोकार्पस या नावाखाली दोनच जाती येतात. एक आपली, जिला 'इरेक्टस' म्हणतात आणि जिचा चंदेरी प्रकार आपल्याला हवा आहे. दुसरी 'लॅन्सिफोलिअस', सोमालिया आणि येमेनकडची. लांबट हिरव्या पानांची, झपाट्यानं उंच वाढणारी ही दुसरी जात गेल्या काही वर्षांत रस्त्यांच्या दुभाजकांवर आणि इमारतींच्या कडेनं बेसुमार लावली गेली आणि मुळं, परागकण यांच्या तक्रारींमुळे बदनाम झाली. गुजरातमध्ये २०२३ साली कोनोकार्पस लावायला मनाई करणारा आदेश निघाला. अशा आदेशांत अनेकदा नुसतं 'कोनोकार्पस' एवढंच म्हटलेलं असतं, तेव्हा आपण राहतो तिथला नियम काय आहे हे खरेदीआधी विचारून घ्या. शिवाय आपलं झाडही अगदी सोवळं नाही. हवाईत ते बाहेरून आणलं गेलं आणि किनाऱ्यावर स्वतःहून पसरलं. तुमच्या बागेला लागूनच खाडी, पाणथळ किंवा खारफुटी असेल, तर हे झुडूप तिथे लावू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

हिवाळ्यात पारा शून्याखाली जाणाऱ्या किनाऱ्यावरही हे चालणार नाही. शेंडे जळून जातात. तिथे चंदेरी पानांचंच झुडूप हवं असेल तर सी बकथॉर्न पाहा. ते कडाक्याची थंडी आणि खारा वारा दोन्ही सोसतं.

रोप निवडताना

मोठं रोप घेण्याचा मोह होतो. डोक्याएवढं झुडूप आणलं की आजच कुंपण तयार! प्रत्यक्षात वाऱ्याच्या जागी उंच रोप सतत हलत राहतं आणि हलणाऱ्या रोपाच्या नव्या, नाजूक मुळ्या रोज तुटतात. गुडघ्याएवढं, बुडापासून फुटवे असलेलं रोप घ्यावं. वर्षभरात ते उंच रोपाला गाठतं.

पिशवीचं बूड तपासा. मुळं बाहेर येऊन गोल गुंडाळलेली असतील तर रोप पिशवीत फार दिवस राहिलंय. दुसरं मिळत नसेल तर घ्या, पण लावताना त्या मुळ्यांवर तीन-चार उभे चिरे द्यावे लागतील.

आणि विचारा: रोप कलमाचं की बियांचं? हा प्रश्न मी पहिल्या वेळी विचारला नव्हता. १२ रोपं आणली, सगळी छोटी, सगळी साधारण राखाडी. सहा महिन्यांनी रांगेतली तीन सरळ हिरवीगार झाली. पडलेल्या दातांसारखी ती रांग दिसायची. विकणाऱ्यानं फसवलं असंही म्हणता येत नाही, कारण त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. चंदेरी झाडाच्या बियांतून चंदेरी आणि हिरवी अशी दोन्ही रोपं निघतात. कलमाची रोपं मात्र आईसारखीच असतात. उत्तर मिळालं नाही तर निदान ज्यांची शेंड्याची पानं ठळक रुपेरी आहेत तीच निवडा.

जागा

दिवसातून सहा तास तरी थेट ऊन हवं. दिवसभर मिळालं तर उत्तम. आंब्याखाली, इमारतीच्या सावलीत वगैरे हे झुडूप मरत नाही, पण विरळ आणि हिरवट होतं. मग लावायचं कशाला?

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, ते इथे उपयोगी पडतं. दिवसा जमीन तापते आणि वारा समुद्राकडून येतो, तो खारा. रात्री उलटा, जमिनीवरून समुद्राकडे, तो मतलई. पानं जाळतो तो दुपारचा खारा वारा. दोन-तीन दिवस दुपारी बागेत एका काठीला सुती पट्टी बांधून ठेवा आणि ती कुठल्या दिशेला फडफडते ते पाहा. झुडपांची रांग त्या वाऱ्याला आडवी यायला हवी. घराच्या कोपऱ्यांमुळे वारा वळतो, त्यामुळे समुद्र जिकडे आहे तिकडूनच वारा येईल असं गृहीत धरू नका.

पुष्कळ जण विचारतात, भिंतच का बांधू नये? भिंतीवरून वारा उसळतो आणि पलीकडे भोवरे करत खाली आदळतो. भिंतीमागची रोपं कधी कधी उघड्यावरच्या रोपांपेक्षा जास्त झोडपली जातात. झुडपांची वई, म्हणजे कुंपणासारखी दाट रांग, वाऱ्याला थोडं आत येऊ देते आणि त्याचा जोर मोडते. साधारण हिशोब असा की वईच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत चांगला आडोसा मिळतो. दीड मीटर उंच रांग असेल तर मागची पंधरा मीटर जागा बऱ्यापैकी शांत होते. त्या पट्ट्यात मग जास्वंदही येते.

जमिनीबद्दल हे झुडूप कटकट करत नाही. रेताड चालते, शिंपल्यांच्या भुग्यानं चुनखडीची झालेली चालते, जड चिकण मातीही चालते. पावसात आठवडाभर पाणी साचलं तरी बहुतेक वेळा तग धरतं. चंदेरी पानांची बाकीची बरीच झाडं कोरड्या, दगडाळ मुलखातली असल्यामुळे पहिल्याच जोरदार पावसाळ्यात मुळाशी कुजतात. हे कुजत नाही, म्हणूनच पावसाच्या किनाऱ्यांवर माझी पसंती याला आहे. सांडपाण्याचे नळ आणि घराचा पाया यांपासून मात्र दोन-तीन मीटर लांब लावा.

लावणी

पावसाचा पहिला जोर ओसरला की लावावं. जमिनीत ओल असते आणि मुळं धरायला पुढे काही महिने मिळतात. ऐन उन्हाळ्यात लावलेलं रोपही जगवता येतं, पण मग पाण्याची बादली घेऊन तुम्हीच फिरत बसणार.

रोप आणल्या आणल्या खड्ड्यात घालू नका. रोपवाटिकेत ते जाळीखाली, गोड्या पाण्यावर वाढलेलं असतं. पिशवीसकट लावायच्या जागीच आठ-दहा दिवस ठेवा, त्याला ऊन-वाऱ्याची ओळख होऊ द्या. काही पानं गळतील. गळू द्या.

खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद आणि खोलीला त्या गोळ्याएवढाच. काढलेल्या मातीत चौथा हिस्सा मुरलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळा, त्याहून जास्त नको. खड्डाभर खत भरलं तर मुळं त्या मऊ गादीतच गोल फिरत राहतात, बाहेरच्या रेतीत उतरायला तयारच होत नाहीत आणि पहिल्या वादळात अख्खं झाड गोळ्यासकट उपटून येतं. कुंपण करायचं असेल तर दोन रोपांत पाऊण ते एक मीटर अंतर ठेवा. जागा असेल तर दोन ओळी, पण समोरासमोर न लावता एकीच्या फटीसमोर दुसरीचं रोप येईल अशा. एकटं झुडूप वाढू द्यायचं असेल तर चहूबाजूंनी दोन-तीन मीटर मोकळे सोडा. छाटलं नाही तर ते पाच-सहा मीटरपर्यंत जाऊन छोटा वृक्षच होतं.

माती भरून पायानं हलकेच दाबा, आळं करा आणि पहिलं पाणी एवढं द्या की मातीतले हवेचे बुडबुडे वर येताना दिसावेत. माती खचली तर वरून आणखी घाला. बुंध्याचा जो भाग पिशवीत मातीच्या वर होता, तो इथेही वरच राहायला हवा.

पहिले तीन-चार महिने वाऱ्याच्या बाजूला हातभर अंतरावर शेडनेटचा तुकडा किंवा झावळ्यांचा आडोसा उभा करा. काटक झाडाला आडोसा कशाला, असं वाटेल. कारण झाड काटक होतं ते मुळं खाली गेल्यावर. तोवर ते इतर कुठल्याही रोपासारखंच कच्चं असतं. मुळं धरली, शेंड्यावर नवी रुपेरी पानं दिसली की आडोसा काढून टाका, विसरू नका. आडोशात लाडावलेली फूट हिरवटच राहते.

पाणी

पहिले दोन आठवडे एक दिवसाआड. पुढचे दोन-तीन महिने आठवड्यातून दोनदा. नंतर आठवड्याला एकदा आणि वर्षभरानंतर फक्त लांबलेल्या कोरड्या दिवसांत. हे अंदाज आहेत. खरं उत्तर जमिनीत बोट घातल्यावर मिळतं. दोन पेरं आत ओल लागत असेल तर पाणी नको.

किनाऱ्यावरच्या विहिरी-बोअरचं पाणी पुष्कळदा मचूळ असतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मचूळ पाण्यात त्याहून पुष्कळ कमी, आणि मुळं धरलेलं बटनवुड ते पिऊन राहतं. पण मचूळ पाणी थोडं थोडं रोज घातलं तर पाणी उडून जातं आणि मीठ मातीत मागे राहतं. आळ्याच्या कडेला पांढरी पापडी दिसायला लागली की समजा, हेच चाललंय. मचूळ पाणी द्यायचंच असेल तर कमी वेळा पण भरपूर द्या, म्हणजे मीठ मुळांच्या खाली धुऊन जाईल. पावसाळा हेच काम फुकट करतो.

पानांवर मचूळ पाणी मारू नका. उलट वादळी वारा होऊन गेला आणि पाऊस आलाच नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी गोड्या पाण्यानं झुडूप वरून खाली धुवा. अशा सकाळी एक पान जिभेला लावून पाहा, खारट लागतं.

खताबद्दल फार बोलण्यासारखं नाही. वर्षातून एकदा, पावसाच्या तोंडावर, बुंध्यापासून हातभर लांब घमेलाभर कंपोस्ट. युरिया अजिबात नको.

छाटणी

चांगली वई आणि विस्कटलेली झुडपं यात फरक पडतो तो इथे. नवी फूट वीतभर झाली की तिचा शेंडा खुडा. खुडलेल्या जागेखालून दोन-तीन फुटवे येतात. ते वीतभर झाले की पुन्हा खुडा. पहिल्या वर्षी उंचीकडे लक्षच देऊ नका. ज्यांनी आधी उंची गाठू दिली, त्यांच्या कुंपणाला खाली नुसत्या काटक्या आणि वर पानांची टोपी राहते आणि नंतर ते सहजी भरून येत नाही.

वईचा आकार खाली रुंद, वर किंचित अरुंद ठेवा. उलटं झालं तर वरच्या पानांच्या सावलीत खालची पानं हिरवट होऊन गळतात.

हाताच्या सिकेटरनं (छोट्या छाटणी-कात्रीनं) छाटणं वेळखाऊ आहे हे कबूल, पण मोठ्या कुंपण-कात्रीनं अर्धी अर्धी पानं कापली जातात, त्यांच्या कडा तपकिरी होतात आणि रुपेरी पानावर तो तपकिरी डाग चांगलाच उठून दिसतो. रांग लांब असेल तर मोठ्या कात्रीनं आकार द्या आणि तोंडासमोरचा भाग तेवढा हातानं आवरा. वर्षाला तीन-चार वेळा छाटलं की पुरतं. वादळाच्या दिवसांच्या अगदी आधी मोठी छाटणी नको. नवी कोवळी फूट नेमकी त्या वाऱ्यात सापडते.

मधूनच एखादी फांदी पूर्ण हिरवी निघाली तर ती नुसती शेंड्यावर न कापता जिथून फुटली तिथूनच काढा. हिरवी फांदी रुपेरी फांदीपेक्षा जोमानं वाढते आणि हळूहळू झाडावर कब्जा करते.

फुलांची वाट पाहू नका. बारीक, हिरवट, बिनपाकळ्यांच्या गुंडीएवढ्या गोळ्या येतात आणि त्यांचीच पुढे लालसर तपकिरी फळं होतात. जुन्या बुटांच्या गुंड्यांसारखी दिसतात म्हणून हे बटनवुड. झाड बाहेर पसरू नये असं वाटत असेल तर छाटणीत या गुंड्या काढून टाका.

काजळी

एके दिवशी चंदेरी पानांवर काळी राख पडल्यासारखी दिसेल. ही काजळी, म्हणजे बुरशी. पण मूळ गुन्हेगार वेगळा असतो. वरच्या फांद्यांची पानं उलटून पाहा: मावा, खवले कीड, पिठ्या ढेकूण किंवा पांढरी माशी यांपैकी कुणीतरी रस शोषत बसलेलं सापडेल. त्यांच्या अंगातून पडणाऱ्या चिकट गोड थेंबांवर ती बुरशी वाढते. पानाच्या पाठीवर पांढऱ्या मेणाची चक्राकार नक्षी दिसली तर ती रुगोज पांढरी माशी. २००९ साली ती फ्लोरिडात आढळली आणि पुढे इतर देशांतल्या नारळांवरही पोचली. जवळ नारळ असतील तर त्यांच्याही झावळ्या तपासा, नाहीतर एकीकडे धुवाल आणि दुसरीकडून परत येईल.

आधी पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या पाठीवर मारा, तीन-चार दिवसांनी पुन्हा. बऱ्याचदा एवढ्यानंच भागतं. नाही भागलं तर लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडा द्रवरूप साबण, संध्याकाळी. पण पूर्ण झुडपावर मारण्याआधी एका फांदीवर मारून दोन दिवस थांबा. तेलानं लव चिकटून बसते आणि पान काही काळ भिजल्यासारखं, निस्तेज दिसतं. तीव्र कीटकनाशकांच्या वाटेला जाऊ नका. या माशीच्या पिल्लांना आतून पोखरणाऱ्या बारीक गांधीलमाश्या असतात, त्या आधी मरतात.

एकाची दहा रोपं

झुडूप दोन वर्षांचं झालं की पुढची रोपं विकत घ्यायची गरज नाही. छाटलेल्या काड्याही रुजतात, पण निम्म्या सुकतात, म्हणून गरजेच्या दुप्पट लावा: वीतभर लांब, ना कोवळी ना जून, खालची पानं काढलेली, रेती आणि कोकोपीटच्या मिश्रणात, वर प्लास्टिकची टोपी.

नवशिक्याला गुटी, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडणं, जास्त सोपी. पावसाळ्याच्या सुरुवातीला, सर्वात रुपेरी झुडपावरची पेन्सिलीएवढी जाड फांदी निवडा. दोन-तीन सेंटिमीटर रुंदीची साल गोलाकार काढा आणि उघड्या लाकडावरचा बुळबुळीत थर सुरीनं खरवडून टाका. तो राहिला तर साल परत जुळते आणि मुळं येत नाहीत. त्यावर भिजवून पिळलेलं शेवाळ मूठभर बांधा, पारदर्शक प्लास्टिक गुंडाळा, दोन्ही टोकं सुतळीनं घट्ट करा. सहा ते आठ आठवड्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसतात. ती तपकिरी व्हायला लागली की गुटीच्या खालून कापा, निम्मी पानं काढा आणि पिशवीत लावा. पंधरा दिवस सावलीत ठेवा, मग सकाळचं ऊन, मग दिवसभराचं. सावलीतल्या त्या पंधरवड्यात निघालेली पानं हिरवट असतील. घाबरू नका, उन्हात आल्यावर पुढची पानं रुपेरीच येतात.